आतली मूठ

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. ही कोणीही वाचायची नाही. मीसुद्धा मागची पानं शक्यतो चाळणार नाही. पुढे बघणारा माणूस आहे मी.

निवृत्त होऊन अकरा महिने झाले. बत्तीस वर्षं आवक-जावक विभाग एकहाती सांभाळला. एक कागद इकडचा तिकडे झाला नाही (झाला तो शिपायामुळे). त्या अनुभवाचा फायदा आता घराण्याला मिळणार. संकल्प: घराण्याचा साद्यंत इतिहास. तीनशे पानं, कापडी बांधणी, मागे वंशवृक्ष, तोही रंगीत. मुख्य प्रकरण आजोबांच्या अपघाती मृत्यूचं. आजोबा बर्फाच्या कारखान्यात थंड कोठी सांभाळायचे. गॅसची नळी फुटली, त्यांनी चार कामगारांना बाहेर काढलं, पाचव्यासाठी आत गेले ते गेलेच. हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. फक्त कागद नाही. तो मी काढणार.

२४ नोव्हेंबरला आत्याचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. सगळं गोत जमणार. त्याच दिवशी प्रकाशन. फॅमिली ग्रुपवर जाहीर करून टाकलं. एकवीस अंगठे आले. आता माघार नाही.

लिहायला जागा नाही, ही एक अडचण. आतली खोली कन्येने ऑफिससाठी बळकावली आहे, बाहेरच्या खोलीत हिचा मुक्काम. म्हणून बाथरूममध्ये पालथ्या बादलीवर बसून लिहितोय. शांतता उत्तम. दाराचं आतलं हँडल तेवढं निघून हातात येतं. ही म्हणाली, सुताराला बोलवा. म्हटलं, एका स्क्रूसाठी सुतार? उद्या मीच बसवतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

आत्याकडे गेलो. मुलाखत क्रमांक एक. आजोबांना पाहिलेलं जिवंत माणूस आता तीच एक. तेव्हा पाच वर्षांची होती.

तिच्या घरात एकही दार लावलेलं नसतं. पुढचं उघडं, मागचं उघडं, झोपायच्या खोलीचं तर कायमचंच, दाराला वीट लावलेली. भणाभणा वारा. माझं नाक गळायला लागलं. मी शौर्याविषयी आठ प्रश्न लिहून नेले होते. एकाचंही धड उत्तर नाही. शेवटी म्हणाली, बाळ्या, कागद मिळालाच तर एवढंच बघ. कोठीचं दार कोणी लावलं ते बघ.

इतिहासात असल्या बारीकसारीक गोष्टींना जागा नसते. पण म्हातारं माणूस. म्हटलं, बघतो हो.

१० सप्टेंबर, मंगळवार

जुनं दफ्तर. तळघरात. तेरा पायऱ्या खाली. एकच खिडकी, छताला लागून, तीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते बूट दिसतात. पिशवी बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. बसायला एक टेबल, तेही भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखं. चार वाजता दार बंद.

दफ्तर सांभाळणाऱ्या बाईंचा एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर. त्यांना माझी पार्श्वभूमी सांगितली (आवक-जावक, बत्तीस वर्षं). मान वर न करता फॉर्म पुढे सरकवला.

आता गंमत. नक्कल हवी तर फाइल नंबर लिहा. फाइल नंबर यादीत असतो. यादी बघायला परवानगी लागते. परवानगीच्या अर्जात पहिलाच रकाना: फाइल नंबर. ही विसंगती मी बाईंच्या निदर्शनास आणली. म्हणाल्या, तिथे रेघ मारा, सगळे तेच करतात. तत्त्वाचा प्रश्न म्हणून मारली नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

अर्ज परत आला. रेघ मारली.

हँडलसाठी स्क्रू आणला. लहान निघाला. उद्या मोठा आणतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

परवानगी मिळाली. बाई म्हणाल्या, कारखान्यातला अपघात ना, मग पंचनाम्यांचे गठ्ठे उजवीकडच्या कपाटात. मी नम्रपणे सांगितलं, आमचे आजोबा पंचनाम्यात सापडणारे गृहस्थ नव्हेत. शौर्यपदकं काढा, अग्निशमन काढा, जाहीर सत्कार काढा. बाईंनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि काढले. एकूण एकसष्ट गठ्ठे.

आज तीन पाहिले. विहिरीत पडलेलं मांजर काढल्याबद्दल एका गृहस्थांचा सत्कार सापडला. आजोबा नाहीत. पण दिशा बरोबर आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

अठरा गठ्ठे झाले. धुळीने घसा बसला. म्हणून आज घरी बसून मौखिक परंपरा. ती फोनवर होते.

चुलतभाऊ दादाला विचारलं (वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून वाढदिवसाची सूत्रं त्याच्याकडे): आजोबांची हकीकत तू कोणाकडून ऐकलीस? म्हणाला, काकूकडून. काकूला फोन केला. म्हणाली, मला दादाने सांगितली. पुन्हा दादाला. तो मग म्हणाला, अरे, तूच की. नववीत 'माझे आजोबा' निबंध लिहिला नव्हतास? दुसरा नंबर आला होता. त्याआधी घरात ह्या विषयावर कोणी चकार शब्द काढत नसे, आजीची तशी तंबीच होती.

हे साफ चूक आहे. निबंधात मी ऐकलेलंच लिहिलं असणार. कोणाकडून ऐकलं ते आठवत नाही, एवढंच. म्हणजे परंपरा इतकी जुनी आहे की तिचा उगम सापडत नाही. हे वाक्य प्रस्तावनेत घ्यायचं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दादाने ग्रुपवर विचारलं, किती झालं? एकशे चाळीस पानं म्हणून कळवलं. (शीर्षकपान झालं आहे. बाकीचं डोक्यात तयार.) आठ जणांनी टाळ्या पाठवल्या. एका भाच्याने तर प्रस्तावनेत माझं नाव घाला म्हणून सांगितलं. आता हे कसं थांबवायचं?

सकाळी डोळे उघडले की एकसष्ट गठ्ठे छातीवर. जिकडे जावं तिकडे विचारणा. भाजीवालासुद्धा म्हणाला, काय साहेब, आजोबा सापडले का? ह्याला कोणी सांगितलं? ही म्हणाली, तुम्हीच सांगितलंत, वांगी निवडताना.

चार कामगार हा आकडा फार त्रोटक वाटतो. तूर्त अकरा धरून चालतो.

स्क्रू मोठा आणला. स्क्रूड्रायव्हर सापडत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सापडले!

मी पस्तिसाव्या गठ्ठ्यात मान घालून बसलो होतो. बाई डबा खाता खाता उठल्या, हात धुतला, कपाटामागे गेल्या आणि दहा मिनिटांत फाइल घेऊन आल्या. वर लिहिलेलं: 'दरवाजे, कड्या व बिजागऱ्या, निरीक्षण'. आत आजोबांचं नाव, कारखान्याचं नाव, तारीख, सगळं. म्हटलं, अहो, ही कुठली भलती फाइल? बाई म्हणाल्या, निरीक्षकाने दाराच्या कामात घातली आहे, पंचनाम्यात तुम्हाला मिळालीच नसती. म्हणजे पंचनाम्याचे गठ्ठे न बघण्याचा माझा निर्णय अचूक होता.

पानं तीनच. कागद इतका जीर्ण की हाती देत नाहीत. नक्कल पोस्टाने येणार, अडीच आठवड्यांनी. निघताना बाईंनी विचारलं, घरात तेव्हा लहान मूल होतं का? म्हटलं, होतं, माझी आत्या. अजून आहे. बाईंनी चष्मा बदलला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नक्कल येईल तेव्हा येईल, छापखाना थांबत नाही. प्रकरण लिहून दिलं. इतिहास तीनशे पानांऐवजी आठ पानी पुस्तिका झाला आहे. आजकाल लोकांना वाचायला वेळ कुठे असतो? मी मुद्दामच आटोपशीर ठेवला. कामगार सतरा. वाक्यात सतरा चांगलं बसतं.

हँडलवरून आज हिने डोकं खाल्लं. म्हणाली, एक दिवस कोणीतरी अडकेल आत. म्हटलं, आजवर अडकलंय का कोणी? उद्या बसवतो म्हटलं ना.

२३ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

दोन्ही एकदम आलं. छापखान्यातून पुस्तिकांचा गठ्ठा, दफ्तरातून पाकीट. पाकीट उघडलं नाही. उद्या निवांत वाचतो. एखादी तारीख चुकली असेल तर पेनाने दुरुस्त करू.

उद्याची योजना: ह्या दोघी दहा वाजता आत्याकडे पुढे जातील. मी पाचला परस्पर पोचेन. हिला बजावून ठेवलं आहे, मला उशीर झाला तर मी छापखान्यात आहे असं सगळ्यांना सांग आणि फोन करून माझी एकाग्रता मोडू नका. ही म्हणाली, बरं. एवढंच. हल्ली ती बरं फार म्हणते.

२४ नोव्हेंबर, रविवार. १०.५०

घरात कोणी नाही. बादलीवर बसलोय. पुस्तिका, पाकीट, रोजनिशी, पेन, सगळं जवळ. फोन बाहेर चार्जिंगला. सवयीने दार लावून घेतलं.

११.०५

पान एक. नाव, वय चौतीस, हुद्दा. ठीक.

पान दोन. कोठीच्या दाराचं वर्णन. दार जाड, आवाज बाहेर जात नाही. बाहेरून कडीने उघडतं, आतून मुठीने. आतील मूठ तुटलेली. दुरुस्तीच्या वहीत बेचाळीस दिवस रोज एकच नोंद: 'मूठ उद्या बसवतो.' अक्षर मयताचं. मूठ बसवण्याचं काम मयताकडेच होतं.

निरीक्षक खोडसाळ दिसतो.

११.३०

पान तीन. पहारेकऱ्याचा जबाब. दोनदा वाचला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

'दुपारी एक वाजता मयताची मुलगी, वय पाच, डबा घेऊन आली. डबा देऊन गेली. फाटकापर्यंत तिला मी सोडले. मयताने बाहेर ओट्यावर बसून जेवण केले. ऊन फार होते. तीनच्या सुमारास मयत दोन रिकामी पोती घेऊन कोठीत पडायला गेला. तसा तो नेहमी जाई. गारवा जाऊ नये व कोणाला दिसू नये म्हणून त्याने दार स्वतः आतून ओढून घेतले. मला म्हणाला, कोणी विचारले तर बाजारात गेलो म्हणून सांग. मालकांना मी तसे सांगितले. संध्याकाळी त्याची बायको फाटकाशी आली, तिलाही तसेच सांगितले. मला वाटले, तो माझी पाठ वळल्यावर निघून गेला असेल. सकाळी दार उघडले.'

खाली अंगठा.

१२.००

नळी फुटली नव्हती. सतरा कामगार नव्हते. अकराही नव्हते. एकही नव्हता. झोपायला गेले होते.

खरं सांगायचं तर मला रडू आलं. चौतीस म्हणजे काय वय आहे? आमच्या कन्येहून चार वर्षांनी मोठे.

१२.१०

इतिहासकाराने भावनेच्या आहारी जाऊ नये. शांत डोक्याने विचार केला. पुस्तिका छापून झाली आहे. पन्नास माणसं जमणार आहेत. त्यांच्यासमोर काय सांगू, आमचे आजोबा कामाच्या वेळी पोतं टाकून झोपले? आजीने तंबी दिली ती काही उगाच नाही. पानं एक आणि दोन फाइलला लावायची. पान तीन घराण्याच्या हिताचं नाही.

पान तीन कमोडमध्ये टाकलं. फ्लश केलं.

१२.१२

सरकारी कागद जाड असतो. अडकला. पाणी वर येतंय. बाहेर जाऊन रबरी पंप आणतो.

१२.१५

हँडल हातात आलं.

१२.३०

घाबरण्याचं कारण नाही. पेनाने, कंगव्याने, साबणाच्या डबीच्या झाकणाने प्रयत्न केला. कंगव्याचे दात मोडून भोकात अडकले, पेन आता जरा वाकडं लिहितंय.

आणि आजोबांशी माझी तुलना करण्याचं काही एक कारण नाही. त्यांनी बेचाळीस दिवस लावले. मी मोजले, दोन सप्टेंबरपासून माझे त्र्याऐंशी झालेत.

१.१५

ओरडलो. वरच्या मजल्यावर रेडिओ लागला होता, तो त्यांनी मोठा केला.

२.४०

फ्लश अडकून वाहतोय, जाळीही तुंबली, पाणी घोट्यापर्यंत. पुस्तिका पायाखाली रचल्या. आठ पानी असल्याने उंची फारशी मिळत नाही. तीनशे पानांच्या असत्या तर.

३.३०

कोणी येत कसं नाही? हिला एक फोन करावासा वाटू नये? कन्येला? मग आठवलं. मीच सांगितलंय, छापखान्यात आहे म्हणून. हाक मारली तरी उपयोग नाही, कारण सगळ्यांच्या लेखी मी इथे नाहीच.

पहारेकऱ्याला काय बोलणार? त्याला सांगितलं तसं त्याने सांगितलं.

४.२०

आजी फाटकाशी येऊन गेली होती. त्यांना ते कळलंसुद्धा नसेल.

५.००

प्रकाशनाची वेळ.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बादलीवर नाही, जेवणाच्या टेबलावर बसून लिहितोय. कोणी वाचलं तर वाचलं.

काल पावणेसातला सुटका झाली. ही आणि सुतार. सुताराने आधी दार उघडलं, मग चार मिनिटांत हँडल बसवलं. एकच स्क्रू लागला.

तिकडे काय झालं ते हिने दाराबाहेरून सांगितलं, सुतार काम करत असताना. साडेपाच झाले, सहा झाले, दादा विचारायला लागला. ही म्हणाली, छापखान्यात आहेत. आत्या म्हणाली, रविवारी? लोक हसले. आत्या हसली नाही. तिने हिला विचारलं, सूनबाई, तुमच्या घरात कुठलं दार बिघडलंय का गं? ही म्हणाली, बाथरूमचं. आत्याने केकची सुरी खाली ठेवली. म्हणाली, मग तो तिथे आहे. जा. आत्ता जा. तुम्ही माणसं नुसती बसून राहता.

आणि मग सगळ्यांसमोर रडली म्हणे. त्या दुपारी ती डबा घेऊन गेली होती. वडील तिला नेहमी सांगायचे, जाताना दार लोटून घे गं बाई, गारवा जातो. त्या दिवशीही तिने लोटून घेतलं, आणि सकाळी त्यांना उचलून आणलं. घरात विचारायची चोरी. म्हणून ऐंशी वर्षं धरून चालली आहे की दार आपणच लावलं. ती वीट त्यासाठी आहे. मी वाऱ्यावरून कुरकुर केली होती.

ही दाराच्या त्या बाजूने सांगत होती, मी ह्या बाजूने हँडल हातात धरून पाण्यात उभा होतो. कमोडमध्ये बघितलं. लगदा होता. शिक्क्याचा अर्धा गोल तेवढा दिसत होता.

ओल्या पँटनिशी तसाच आत्याकडे गेलो. पाहुणे गेले होते. सगळं सांगितलं. तू निघून गेलीस, त्यानंतर ते बाहेर ओट्यावर बसून जेवले, तू गेल्यावर दोन तासांनी दार त्यांनी स्वतः लावलं. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, कागद कुठाय? म्हटलं, फ्लश केला. तिने मान हलवली. रोजनिशी दाखवली. ते माझंच अक्षर. तिच्या उशाशी पुस्तिकेची एक प्रत होती, दादाने परस्पर मागवून ठेवलेली. सतरा कामगार.

मग माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, छान रचतोस रे बाळ्या. नववीपासून रचतोस. माझ्यासाठी रचलंस, तेवढं पुरे झालं मला.

मी शपथ घेतली. म्हणाली, शपथ नको घेऊस, पाय पूस.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दफ्तर उघडायच्या आधीच पायऱ्यांवर. पुन्हा तोच फॉर्म. नवा रकाना: आधीची प्रत कशी गेली? लिहिलं, पाण्यात गेली. बाई बघत राहिल्या. खोडलं. लिहिलं, मी घालवली.

मुदत बारा आठवडे. म्हटलं, आत्या पंच्याऐंशी वर्षांची आहे. म्हणाल्या, मुदत सगळ्यांना सारखी. मूळ फाइल बांधणीला गेली आहे, हातात नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आत्याला ताप. छातीत कफ. डॉक्टर म्हणाले, वारा लागू देऊ नका, दार लावून घ्या. दार म्हटलं की ती अंगावरचं पांघरूण फेकते. वीट जागच्या जागी. आम्ही पाळीपाळीने दाराशी चादर धरून उभे राहतो. हात भरून येतो.

ग्रुपवर काकूने लिहिलं, पुस्तिका फार हृदयस्पर्शी. उत्तर दिलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

रोज दफ्तरात जातो. काम काही नसतं. भिंतीकडे तोंड करून चारपर्यंत बसतो. बाई म्हणाल्या, फेब्रुवारीत या. म्हटलं, बसतो. पार्श्वभूमी वगैरे काही सांगितली नाही. खिडकीतून बूट दिसतात. बत्तीस वर्षं लोक माझ्या टेबलासमोर असेच बसायचे. मी त्यांना उद्या या म्हणायचो.

१९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी बाईंनी जवळ बोलावलं. बांधणीखात्यात जाऊन, उभ्याउभ्या, पान तीन स्वतः हाताने उतरवून आणलं होतं. खाली सही, शिक्का. विचारलं, हे नियमात बसतं का? बाई म्हणाल्या, तिथे रेघ मारा.

मला नीट आभारसुद्धा मानता आले नाहीत. पायऱ्या चढताना दोनदा ठेचकाळलो.

आत्याचा ताप उतरला आहे, पण आवाज पार बसलाय, कुजबुजल्यासारखा येतो. कागद काढला, वाचायला लागणार तोच तिने हात वर केला. तू नको. सूनबाई वाचेल. कागद हिच्याकडे दिला. आत्याने आधी शिक्का बोटाने चाचपून बघितला. सही कोणाची ते विचारलं. मग म्हणाली, वाच.

हिने वाचलं. 'फाटकापर्यंत तिला मी सोडले' ह्यावर आत्या म्हणाली, पुन्हा. पुन्हा वाचलं. 'दार स्वतः आतून ओढून घेतले.' पुन्हा. हिने तिसऱ्यांदाही वाचलं. कन्या मागे उभी होती, तिने कानातली फोनची यंत्रं काढून हातात धरली होती.

आत्याने डोळे मिटले. आम्हाला वाटलं, झोपली. मग विचारलं, म्हणजे जेवले होते ना? ही म्हणाली, हो आत्या, ओट्यावर बसून जेवले होते. आत्या म्हणाली, डबा मी एकटीने नेला होता हो. सांडू दिला नव्हता.

घराण्याचा इतिहास पूर्ण झाला. एक पान, बाईंच्या अक्षरात. पुस्तिका रद्द म्हणून ग्रुपवर कळवणार आहे. आजच. आत्ताच कळवलं.

मग आत्या म्हणाली, सूनबाई, ती वीट काढ आणि दार लाव गं. किती गार वारा येतोय.

मी चटकन उठलो.

आत्या म्हणाली, तू बस बाळ्या. तू अडकशील.

बसलो.